भिंगरीला यंदा घालायचं की नाही

सोमवार, ३

गव्हाचं पोतं कुठं ठेवायचं ते या घरात मला विचारतात, आणि नातीला शाळेत कधी घालायचं ते मला जेवता जेवता कळतं. तेही कुणी मला सांगितलं नाही. सूनबाई नवऱ्याला सांगत होती आणि मी दोघांच्या मध्ये बसले होते म्हणून ऐकू आलं. चोवीस तारखेला बालवर्ग सुरू, या गुरुवारी बाईंना भेटायचं, सगळं ठरलेलं. मी म्हटलं, पोर अजून बोबडी आहे, वर्षभर थांबा. मुलगा म्हणाला, "आई, तुझं मत मागितलं की दे." म्हणजे कधीच नको.

नमस्कार, वही. आधी भांडण सांगितलं आणि मग नमस्कार केला, कारण राग शिळा झाला की त्याची चव जाते. तोंड बंद ठेव म्हणालेत. हाताबद्दल कुणी काही बोललेलं नाही, म्हणून लिहिते. माझी शाळा दुसरीतच सुटली. पुढची अक्षरं मी गिऱ्हाइकांच्या डब्यांवर खडूनं नावं घालून घालून शिकले, त्यामुळे अक्षर डब्याएवढं आहे आणि काना-मात्रा जागा मिळेल तिथं.

आमची पिठाची गिरणी आहे. पुढं गिरणी, मागं दोन खोल्या, मध्ये एक भिंत. गिरणी चालू असताना त्या भिंतीला गाल टेकवला तर तोंडातले दात वाजतात. त्या आवाजात हाका मारून घसा फोडण्यात अर्थ नाही, म्हणून आम्ही घरातले सगळे हातानं बोलतो. मूठ दाखवली की थांब. दोन बोटं चोळली की बारीक दळ. पोटावर थोपटलं की जेवायला चल. कुणाला बोलवायचं तर जवळ जाऊन खांद्यावर टपली मारायची. माझे कान तर गिरणीनं कधीच खाल्ले, आता उरलेत ते कानातले अडकवायला.

नात चार वर्षांची झाली. एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतो. हाताच्या खुणा तिला बापापेक्षा चांगल्या येतात. बोलणं मात्र अर्धंमुर्धं. मला नुसतं "आ" म्हणते, पाण्याला "पा". मला सगळं कळतं. तिचा बापही उशिरा बोलायला लागला, आणि आता थांबत नाही.

भीती कशाची ते लिहून ठेवते. त्या शाळेला लोखंडी फाटक आहे आणि ते आतून लावतात. आत भिंगरी "पा" म्हणाली आणि त्या बाईंना कळलं नाही, तर पोर तहानलेली बसेल. एवढंच. मोठ्यानं सांगितलं तर हसतील.

गुरुवार, ६

मुलाला गिरणी सोडता येईना, म्हणून माझी वर्णी लागली. सूनबाई औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, तिनं अर्धी रजा काढली. वाटेत मला बजावलं, "आई, बाई विचारतील ते भिंगरीला विचारतील. तुम्ही मध्ये बोलायचं नाही." मी म्हटलं, बरं.

बाई वयानं लहान आहेत, घसा बसलेला. भिंतीवर पोरांच्या पंजांचे रंगीत ठसे, खुर्च्या इतक्या छोट्या की मी बसले असते तर खुर्चीसकट उठले असते. म्हणून मी बाईंच्या मागं भिंतीला टेकून उभी राहिले.

बाई म्हणाल्या, "लाल चेंडू आण बरं." भिंगरी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ती अशीच बघते, समोरच्याचे दात मोजत असल्यासारखी. मग तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं. माझा हात माझ्या लाल पिशवीवर गेला आणि बोटांनी गोल केला. पोर टुणकन उठली आणि लाल चेंडू घेऊन आली. मग बाई म्हणाल्या, दार लाव. मी तळवे पुढं ढकलले, तिनं दार लावलं. पाणी कशानं पितात? तिनं पेला उचलला. मी तोंडातून एक शब्द काढला नाही. सांगितलं होतं तसं.

शेवटी बाईंनी विचारलं, "नाव काय गं तुझं?" भिंगरी परत माझ्याकडे बघायला लागली. आता नावाला काय खूण करणार? सूनबाईच म्हणाली, "लाजते जरा." बाई म्हणाल्या, "समज छान आहे. पाठवा चोवीसला."

सूनबाई घरी येईपर्यंत गुणगुणत होती. आणि मी स्वतःवर दात खात होते. माझ्या मनात पोर नापास व्हावी असं होतं, म्हणजे वर्षभर तरी फाटक टळलं असतं. पण ती अडली की माझा हात उठतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवार, ८

पाण्याची बाटली आली, निळी. भिंगरी ती कुशीत घेऊन दुपारी झोपली. बाहेर एका गाडीचं टायर फुटलं, अख्खी गल्ली दचकली, समोरचा शिंपी कात्री टाकून बाहेर आला. भिंगरी ढिम्म. गिरणीत वाढलेलं पोर असं असतं.

मंगळवार, ११



गव्हाचा टेम्पो दारात मागं येत होता. भिंगरी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून खडूनं रेघा ओढत होती, टेम्पोकडे पाठ. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी ओरडले. मी ओरडले की पलीकडच्या गल्लीतले लोक खिडकी उघडतात. पोरीनं मान वर केली नाही. या गुडघ्यांनी मी कशी धावले ते मला माहीत नाही. दंडाला धरून ओढलं आणि पाठीत एक धपाटा घातला. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काही कळलंच नव्हतं. मग मागं वळून तिनं चाक बघितलं, आणि तेव्हा रडली.

ड्रायव्हर खाली उतरला, पांढराफटक पडलेला. म्हणाला, "आजी, एवढा हॉर्न मारला. बहिरी आहे का पोर?"

मी म्हटलं, "तुझं तोंड फुटकं आहे तसे तिचे कान फुटके नाहीत. खेळत होती. हट्टी आहे, बापासारखी."

 संध्याकाळी दळणाचा डबा ओट्याऐवजी गिऱ्हाइकाच्या पायावर ठेवला. मुलाला सांगितलं तर म्हणाला, "तुझं लक्ष कुठं होतं?" म्हणून सूनबाईला सांगितलंच नाही. शाळेपर्यंत असे किती टेम्पो, किती वळणं. डोळे मिटले की चाक दिसतं.

ड्रायव्हर काय म्हणाला तेही कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

गुरुवार, १३

सवय व्हावी म्हणून नव्या पोरांना आज थोडा वेळ शाळेत बसवून घेतलं. मोठ्या माणसांनी फाटकाबाहेर थांबायचं. मी गज धरून उभी राहिले तर शिपाई म्हणाला, "आजी, तुमचं नाव घालायचंय का बालवर्गात?" मी म्हटलं, "घाल, पण मधल्या सुट्टीत तुला खाईन."

शाळा सुटल्यावर बाईंनी सूनबाईला बाजूला घेतलं. मीही बाजूला गेले. बाई म्हणाल्या, "टाळी वाजवली की सगळी उठतात, ही बसूनच राहते. हाक मारली तर बघत नाही. मग बाकीच्यांचं बघून करते, पण सगळ्यांच्या मागून. त्या दिवशी मला वेगळी वाटली होती. मला वाटतं अजून तयार नाही. एक वर्ष घरीच असू दे."

घरी आल्यावर दोघांचं जुंपलं. सूनबाई म्हणाली, "त्या दिवशी सगळं बरोबर केलं होतं. आठवड्यात विसरली का?" मी गहू निवडत होते. निवडतच राहिले. मुलगा म्हणाला, "बाईच सांगतायत तर राहू दे. आई म्हणत होती ते बरोबर होतं."

लग्न होऊन या घरात आल्यापासून माझं बरोबर ठरलेलं हे पहिलंच. जेवण मात्र उतरलं नाही. फाटक टळलं, टेम्पो टळला, वर्षभर पोर माझ्या डोळ्यांसमोर राहणार. मग मी खूश का नाही? भिंगरी माझ्या मांडीवर होती. निळ्या बाटलीचं झाकण उघडत होती आणि लावत होती. मी तिच्या कानाजवळ तोंड नेऊन काहीतरी बोलायचं ठरवलं होतं. मग नाही बोलले.

रविवार, १६

सकाळी गिरणीचा पट्टा तुटला. रविवारचा पट्टा मिळणार कुठं, सगळं बंद. इतकी शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. मुलगा पट्टा शोधायला गेला.

भिंगरी चटईवर बसून डब्यांची झाकणं लहानमोठी लावत होती, आमच्याकडे पाठ. सूनबाई दारात उभी राहून म्हणाली, "भिंगरी." मग परत म्हणाली. मग खऱ्या नावानं हाक मारली. मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यानं माझी पाचावर धारण बसली.

मी म्हटलं, "खोड आहे तिची. थांब, दाखवते." वजनकाट्याचं सगळ्यात मोठं लोखंडी वजन उचललं आणि फरशीवर सोडलं. भिंगरी गर्रकन वळली. मी म्हटलं, "बघ. कान शाबूत आहेत." आणि खाली बसले.

 सूनबाईनं दोन झाकणं उचलली, पाय न वाजवता पोरीच्या मागं गेली आणि झाकणं हवेत, तिच्या डोक्यावर धरून एकमेकांवर आपटली. मी उडाले. मी, जिचे कान गिरणीनं खाल्लेत. भिंगरीनं पुढचं झाकण उचललं आणि रांगेत लावलं. सूनबाईनं परत आपटली, परत तेच.

मग मला कळलं. दगड बोथट झाला किंवा दाण्यात खडा आला, तर गिरणीत मला ते कधी कानानं कळत नाही, तळपायाला कळतं. भिंगरी पायावर उभी राहायला लागली तेव्हापासून माझ्या शेजारी अनवाणी उभी असते. वजन तिनं ऐकलं नव्हतं. वजन तिला फरशीतून कळलं होतं.

मग मी सूनबाईला सगळं सांगितलं. बाईंच्या मागं उभी राहून केलेल्या खुणा, टेम्पो, ड्रायव्हरचं बोलणं. मला वाटलं ती माझ्या झिंज्या धरेल. तिनं झाकणं जागेवर ठेवली आणि म्हणाली, "आई, मी तिच्या शेजारी झोपते. मला कसं कळलं नाही?"

मी म्हटलं, "कळणार कसं? या घरात कोण कुणाला हाक मारतं? मला वाटलं, पोर आपल्यासारखीच आहे."

बुधवार, १९

कानाच्या डॉक्टरांकडे एक खोली आहे, भिंतींना जाड स्पंज लावलेली. आत शिरलं की आपलाच आवाज कुणीतरी गिळतंय असं वाटतं. भिंगरीला कानावर लावायचं दिलं. आवाज आला की लाकडी ठोकळा डब्यात टाकायचा. पोरीनं माझ्याकडे बघितलं. माझा हात मांडीवरून बोटभर उठला असेल नसेल, तेवढ्यात मशीनवरची मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही बाहेर बसा." ती वळलीही नव्हती. काचेत दिसलं असणार तिला.

बाहेर बसले. दार बंद. ठोकळा पडला की नाही ते मला ऐकू येत नव्हतं, पायालाही काही कळत नव्हतं. इतकी भीती मला बाळंतपणात वाटली नव्हती. तिथं निदान ओरडता येत होतं.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. जवळचा जाड आवाज थोडा पोचतो, किणकिणाट पोचत नाही, आणि बोलण्यातली अर्धी अक्षरं वाटेतच गळतात. "पाणी" मधला "पा" पोचतो. कानाला मशीन लावायचं, माप घेतलंय, यायला वेळ लागेल. मुलानं विचारलं, "गिरणीमुळं झालं का?" त्याच्या भुवयांवर पीठ तसंच होतं, निघताना धुतलंही नाही. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, जन्मापासूनही असेल. मी माझ्या चपलेकडे बघत बसले. भिंगरीचा पाळणा गिरणीतच बांधला होता.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आता तर वर्षभर थांबायचंच. मशीन येऊ दे, नीट बोलू दे, मग शाळा. आत्ता घातली तर पोरं हसतील तिला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सूनबाई म्हणाली, "मूठ किती वर्षं झाकायची? डॉक्टर म्हणाले ते ऐकलं नाहीत का? बोलणाऱ्या पोरांत ठेवा, पुढं बसवा, बाईंना सांगा."

"डॉक्टरांचं काय जातं सांगायला? टाळी वाजली की ही एकटी बसून राहणार, आणि सगळी वर्गभर..."  मुलगा सदऱ्याला हात पुसत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, तू सांग हिला. तू तर पहिल्यापासून थांबा म्हणतेस."

घ्या. मत मागितलं एकदाचं.

मी म्हटलं, "यंदाच घाला."

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत राहिले, भिंगरीसारखे.

मी म्हटलं, "घरी ठेवाल तर माझ्याजवळ ठेवाल. पोर अडायच्या आधी माझा हात उठतो. तिला तहान लागायच्या आधी मी पेला भरते. वर्षभरात ती आणखी हुशार होईल, पण गिरणीच्या दारापर्यंतच. आपल्याकडे थांबला खूण आहे, बारीक दळला आहे. तिच्या नावाला आहे का? त्या दिवशी बाईंनी नाव विचारलं तर माझे दोन्ही हात बिनकामाचे झाले."

मुलगा म्हणाला, "आणि कुणी हसलं तर?"

"हसतील. तुझ्या बोलण्याला अजून हसतात. मेलास का?"

तो उठून गिरणीत गेला आणि दळण नसताना मोटर चालू केली. थोड्या वेळानं मी आत गेले तर भिंगरी त्याच्या पायापाशी उभी होती आणि तो खाली वाकून, मोटरच्या आवाजात, तिला तिचं नाव सांगत होता. परत परत. ती त्याच्या ओठांना बोट लावून बघत होती. मी मोटर बंद केली. म्हटलं, "गाढवा, आता सांग."

मी मोठ्या तोऱ्यात यंदाच घाला म्हणाले खरी. आधी भीती होती की तिनं पाणी मागितलं तर कुणाला कळणार नाही. आता भीती वाटते की ती मागायचीच नाही, नुसती बघत बसेल. हे दोघांना सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे त्यांची पुरेशी आहे.

रविवार, २३

काल सूनबाई आणि मी बाईंकडे जाऊन आलो. डॉक्टरांचा कागद दाखवला आणि त्या दिवशी त्यांच्या पाठीमागं काय चाललं होतं तेही मीच सांगितलं. बाई हसतील असं वाटलं होतं, पण त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "असं मूल माझ्या वर्गात पहिलंच. मलाही भीती वाटते आजी, माझ्याकडून काही राहून गेलं तर." म्हटलं, चला, कुणीतरी खरं बोललं. मला त्या आवडल्या. त्यांनी भिंगरीला यंदाच घेऊन पहिल्या रांगेत बसवायचं ठरवलंय, तिच्याकडे तोंड करून बोलणार, आणि टाळीबरोबर हातही वर करणार. फाटकातून आत येताना प्रत्येक पोराला नाव विचारायची त्यांची रीत आहे. भिंगरीलाही विचारणार. मी म्हटलं, तिला राहू दे ना. बाई म्हणाल्या, "सगळ्यांना विचारून तिलाच वगळू?" 

नाव अजून धड येत नाही. तीन अक्षरांतलं मधलं येतं, पुढचं-मागचं वाऱ्यावर. आज सकाळपासून घरात कुणी जेवलेलं नाही नीट. मुलगा दोनदा म्हणाला, "परवापासून पाठवू, उद्या नको." सूनबाई गणवेशाला इस्त्री करून झाल्यावर परत इस्त्री करते आहे. मला विचाराल तर फाटकाचे गज मला इथूनच दिसतायत.

म्हणून हे लिहिते आहे आणि आत्ताच दोघांना वाचून दाखवणार आहे. उद्या बाई फाटकात उभ्या राहून पोरीला नाव विचारतील. तेव्हा मुलानं खाकरायचं नाही. सूनबाईनं "लाजते जरा" म्हणायचं नाही. माझा हात उठला तर माझ्या मनगटावर फटका मारायचा, मी कुणाची कोण आहे ते बघायचं नाही. मागं रांग खोळंबली तर खोळंबू दे. ती एक अक्षर म्हणो, चुकीचं म्हणो, नाहीतर नुसती बाईंचे दात मोजत उभी राहो. उत्तर भिंगरीनं द्यायचं. दुसऱ्या कुणी नाही.